धण्याचं पाणी प्या, पण लघवी आधी तपासा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत उन्हाळी लागण्यावरचे, म्हणजे लघवीला आग होण्यावरचे, घरगुती उपाय वाचले. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, जवाचं पाणी, कोकम. यातलं काहीच मला परकं नाही. आमच्याकडे पाडवा झाला की रात्री धणे भिजत घालायचे, हा सासूबाईंच्या काळापासूनचा शिरस्ता आहे. पण डॉक्टरांकडे कधी जायचं याबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि अख्ख्या लेखात ‘लघवी’ हा शब्द टाळून ‘नाजूक त्रास’ असं लिहिलं आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. हे टाळणं किती महागात पडतं ते आमच्याच घरात पाहिलं, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझ्या जाऊबाईंना त्रास सुरू झाला. वय ५८, दहा वर्षांपासून साखर. दर पंधरा मिनिटांनी उठावं लागायचं, चार थेंब लघवी व्हायची आणि आग आग. “ऊन लागलंय, उन्हाळी आहे,” म्हणून धण्याचं पाणी सुरू झालं. उसाचा रस थंड, म्हणून तोही रोज दोन ग्लास. मधुमेहाच्या बाईला उसाचा रस! मी तेव्हा पुण्याला लेकीकडे होते, पण इथे असते तरी अडवलं असतं की नाही, कोण जाणे. थंड म्हणजे चांगलं, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं आहे.

चौथ्या दिवशी पुतण्याने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. आईला काय होतंय हे मोकळेपणी सांगायला मुलाला संकोच, आणि दुकानदारालाही विचारायची गरज वाटली नाही. चार गोळ्या मिळाल्या. दोन घेतल्यावर आग थांबली, तेव्हा उरलेल्या दोन जाऊबाईंनी डब्यात ठेवून दिल्या, पुढच्या वेळेसाठी.

आठव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली मागच्या बाजूला दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. दवाखान्यात लघवी कल्चरला गेली, म्हणजे त्यातला जंतू वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहायला. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जंतू ई. कोलाय, आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांना तो दाद देत नव्हता. नऊ दिवस शिरेतून इंजेक्शनं. मूत्रपिंड थकलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन वाढलं होतं, ते हळूहळू उतरलं. त्या वाचल्या.

बरं झाल्यावर मी विचारलं, “जाऊबाई, आधीच का नाही गेलात?” त्या म्हणाल्या, “एवढ्याशासाठी काय जायचं? आणि गेलं तर त्या डॉक्टरला सांगायचं तरी काय?”

आता थोडं वर्गात शिकवल्यासारखं लिहिते. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय हाच जंतू सापडतो. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा २० च्या आसपास. जंतूला बाईच्या मूत्राशयात पोहोचायला फार चालावं लागत नाही. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. यात लाजण्यासारखं, कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्यासारखं काहीही नाही.

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवी पिवळी, दाट होते आणि जळजळते. ती खरी उन्हाळी. दोन तांबे पाणी पोटात गेलं की ती उतरते. संसर्गाची सुरुवातही अगदी तशीच वाटते, म्हणून घोटाळा होतो. शिवाय साधा संसर्ग बऱ्याचदा आपोआपही बरा होतो आणि श्रेय धण्याला मिळतं. जर्मनीतल्या एका अभ्यासात (२०१५) सुमारे ५०० स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रतिजैविक (अँटिबायोटिक) दिलं, निम्म्यांना नुसती दुखणं कमी करणारी गोळी. दुसऱ्या गटातल्या दोन तृतीयांश जणींना पुढे प्रतिजैविक लागलंच नाही. पण त्यांना त्रास जास्त दिवस सोसावा लागला, आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जाण्याचे प्रसंगही त्याच गटात जास्त आले. त्या सगळ्या एरवी धडधाकट होत्या. मधुमेही बाईने हा जुगार खेळू नये.

पाण्याचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांच्या पाहणीत, ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा धणे, वाळा घालून पाणी जरूर प्या. पण ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांनी नारळपाणी डॉक्टरांना विचारून घ्यावं, त्यातलं पोटॅशियम त्यांना बाधू शकतं. रक्तदाबाच्या माणसाने लघवीची आग थांबावी म्हणून खाण्याचा सोडा घेऊ नये. क्रॅनबेरी म्हणजे आपली करवंदंच, असं तुमच्या लेखात आहे, तेही चूक आहे. ही दोन वेगळ्या कुळांतली झाडं. क्रॅनबेरीनेसुद्धा पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग काहीसा कमी होतो, झालेला बरा होत नाही. गोखरू चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या द्रव्यांत सांगितलेला आहे हे खरं. पण आयुर्वेदही नाडी पाहून, रोग ओळखून औषध द्यायला सांगतो. पुरवणीत वाचून काढा उकळायला सांगत नाही.

तरुण, निरोगी बाईला पहिल्यांदाच त्रास झाला तर डॉक्टर लक्षणं विचारूनच तीन-पाच दिवसांचं औषध देतात, त्यात वावगं काही नाही. पण साखर असेल, दिवस गेले असतील, ताप असेल, त्रास परत परत होत असेल किंवा रुग्ण पुरुष अथवा लहान मूल असेल, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी लघवी द्या. आधी गोळी घेतली की जंतू दबतो आणि कल्चरमध्ये नीट उगवत नाही. बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, घरची औषधाची बाटली धुऊन चालत नाही. जागा साध्या पाण्याने धुवायची, सुरुवातीची लघवी सोडून द्यायची, मधली धरायची, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, आणि तासाभरात पोहोचवायची. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, दवाखान्यातल्या सिस्टरकडून कळलं. गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ साली त्याची मोहीम काढली होती. आमच्या गावात त्या रेघेचा अर्थ दहांतल्या एकाला तरी माहीत असेल का, शंका आहे.

आणखी एक. माझ्या शाळेतल्या मुली सकाळी दहापासून पाच वाजेपर्यंत पाणी पीत नसत, कारण मुतारीला कडी नव्हती आणि आत पाय ठेववत नसे. आम्ही शिक्षिकाही तेच करत होतो. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं हवीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली महापालिकांना बजावलं. तालुक्याच्या एसटी स्टँडवर त्याचा वारा अजून लागलेला नाही. या बायांना भरपूर पाणी प्या म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

माझी विनंती एवढीच की, पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, एखाद्या डॉक्टरबाईंकडून लिहून घ्या. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीत रक्त, उलट्या, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे त्यात चौकटीत येऊ द्या. आणि ‘लघवी’ हा शब्द मथळ्यात छापा. जाऊबाईंना मी तो अंक वाचून दाखवणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
(जि. जालना)