परतणाऱ्यांना जागा हवी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. मागे पडलेल्या देशांनी ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेत पुढच्यांना गाठायचं कसं, हा तुझा प्रश्न डोक्यातून जातच नाही. तू म्हणतोस, आधी वेगवान इंटरनेट आणि नवी विद्यापीठं हवीत. हवीतच. पण यंत्र विकत मिळतं. ते का बिघडलं हे ओळखणारा माणूस घडवावाच लागतो.

तैवानचं बघ. १९७६ मध्ये तिथल्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेने आरसीए या अमेरिकी कंपनीशी चिप बनवण्याच्या तंत्रज्ञानाचा करार केला. ते तंत्रज्ञान काही सर्वांत आधुनिक नव्हतं, पण करारात प्रशिक्षणही होतं. तरुण अभियंते अमेरिकेत गेले, प्रत्यक्ष काम शिकले आणि परतून त्यांनी प्रायोगिक कारखाना चालवला. त्याच संस्थेतून १९८० मध्ये यूएमसी आणि १९८७ मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. म्हणजे करारापासून टीएसएमसीपर्यंत अकरा वर्षं. एवढा धीर किती सरकारांना असतो?

परदेशी गेलेली मुलं परत येत नाहीत म्हणून आपण त्यांनाच बोल लावतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. येऊन त्यांनी करायचं काय? दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये 'किस्ट' ही संशोधन संस्था काढली, तेव्हा परतणाऱ्या शास्त्रज्ञांना देशातल्या प्राध्यापकांपेक्षा जास्त पगार दिला. देश गरीब होता, तरीही दिला.

तू म्हणशील, तेव्हा तिथे हुकूमशाही होती. खरं आहे. पण हुकूमशहा इतरत्रही होते, त्या सगळ्यांनी कुठे अशा संस्था उभारल्या? ब्राझीलची 'एम्ब्रापा' ही कृषी संशोधन संस्थाही लष्करी राजवटीतच, १९७३ मध्ये सुरू झाली. तिने शेकडो तरुणांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. सेराडो या तिथल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाच्या आम्लयुक्त जमिनीत चुना घालून आणि उष्ण हवामानाला मानवणारं सोयाबीन तयार करून तिथे शेती फुलवली. १९८५ मध्ये लष्करी राजवट गेली, पण संस्था टिकली. सरकारं बदलली तरी प्रयोगशाळा चालू राहणं, हेच मला निर्णायक वाटतं.

आणि लहान देशांनी चिपच्या मागे धावावंच असं नाही. आपल्याच मातीचा, रोगाचा किंवा पाण्याचा एखादा अडलेला प्रश्न घ्यावा. त्याचं उत्तर बाहेर कुणी आयतं तयार ठेवलेलं नसतं. तुझ्या मते कोणता प्रश्न आधी घ्यावा, ते सविस्तर लिही.

तुझा मित्र