पहिली नोकरीच मिळाली नाही, तर अनुभव कुठून येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे किती नोकऱ्या जातील, ही चर्चा आता आपल्या नागपूर शहरात चहाच्या टपरीपासून व्यापारी संघटनांच्या बैठकांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि कंपनीचे संकुल शहरालगतच्या मिहान औद्योगिक प्रकल्पात असल्यामुळे त्या बातमीची आपल्याकडेही साहजिकच दखल घेतली गेली. ही कपात कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नसून कौशल्यांचा मेळ बसत नसल्यामुळे आहे, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले होते. ते काहीही असो, अशा चर्चेचा सारा भर ज्यांना कामावरून काढले जाते त्यांच्यावर असतो. धंतोलीत बऱ्याच वर्षांपासून करसल्लागार म्हणून काम करताना मला दिसणारा बदल वेगळा आहे. आमच्यासारख्या छोट्या कार्यालयांतून कुणाला काढले जात नाही. नवा मुलगा किंवा नवी मुलगी घेतलीच जात नाही.

उमरेड, काटोल किंवा रामटेकहून बी.कॉम. करून आलेला मुलगा आमच्याकडे सुरुवातीला कोणते काम करत असे, हे सांगितले म्हणजे मुद्दा लक्षात येईल. इतवारीतील किराणा ओळीतून किंवा कळमन्यातून व्यापाऱ्याची महिनाभराची खरेदीबिले पिशवीत भरून येत. ती तारखेप्रमाणे लावायची, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक नोंद करायची, धान्याच्या बिलावर मालाच्या किमतीखाली घाईघाईने खरडलेली हमाली, तोलाई आणि अडत आपापल्या खात्यांत टाकायची, बँकेच्या उताऱ्याशी ताळमेळ घालायचा आणि शेवटी जीएसटी पोर्टलवरील टू-बी विवरणाशी, म्हणजे पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांच्या यादीशी, प्रत्येक बिल पडताळायचे, असे ते काम असे. काम कंटाळवाणे होते, यात शंका नाही. पण ‘हे बिल आपल्या हातात आहे, मग टू-बीत का दिसत नाही?’ असा प्रश्न तो मुलगा विचारत असे, आणि मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादाराने अकरा तारखेची मुदत चुकवली की त्याचे बिल पुढच्या महिन्याच्या टू-बीत येते, हे त्या दिवशी त्याला जे कळे, ते पुन्हा कुणी सांगावे लागत नसे. दोन-तीन वर्षांत तोच मुलगा व्यापाऱ्याशी फोनवर बोलू लागे, नोटिशीच्या उत्तराचा मसुदा करू लागे, आणि त्यांतील काहींनी पुढे स्वतःची कार्यालये थाटली.

आज बिलाचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तो वाचते, नोंद करते, खाते सुचवते आणि टू-बीशी जुळवूनही देते. हाताने लिहिलेले मराठी बिलदेखील बऱ्यापैकी वाचते. मी स्वतः अशी प्रणाली वापरतो आणि ती बंद करावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. इतवारीतला व्यापारी फी ठरवताना घासाघीस केल्याशिवाय राहत नाही. शेजारचे कार्यालय यंत्राच्या आधारे कमी फीत काम करत असेल, तर मला हाताने काम करणारी चार माणसे ठेवणे परवडणार नाही. येत्या काही वर्षांत नोंदी आणि विवरणे भरण्याच्या कामाला जवळजवळ मोल राहणार नाही, आणि सल्ला, नोटिशींना उत्तरे, सुनावणी यांवरच आमच्या व्यवसायाचे पोट चालेल, असा माझा अंदाज आहे.

अडचण इथेच आहे. एका व्यापाऱ्याने मुलासाठी घेतलेल्या मोटारीचे बिल फर्मच्या नावावर केले होते. त्यावर जीएसटी क्रमांक होता, टू-बीत ते दिसत होते, सारे काही जुळत होते. प्रणालीने त्या बिलावरील कर व्यापाऱ्याच्या देय करातून वजा होणाऱ्या रकमेत सरळ धरला. अशा मोटारीवरील कराची वजावट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार व्यापाऱ्याला घेता येत नाही. आमच्या कार्यालयात सर्वांत जुन्या असलेल्या बाईंनी पडद्यावरचा आकडा पाहताच विचारले, ‘किराण्याच्या दुकानात एवढं मोठं एकच बिल कशाचं?’ हा प्रश्न त्यांना पडला, कारण अशी हजारो बिले त्यांच्या हाताखालून गेली आहेत. ज्या मुलाने एकही बिल स्वतः नोंदवलेले नाही, त्याच्यासमोर यंत्राने जुळवून ठेवलेला हिशेब आला, तर त्यात खटकण्यासारखे काय आहे हे त्याला कुठून कळणार?

वकिली आणि करव्यवसायात याचे परिणाम दिसलेही आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर २०२४ मधील एक आदेश अशाच बनावट निवाड्यांमुळे मागे घ्यावा लागला. निवाडा मुळातून काढून वाचायची सवय ज्या कनिष्ठाला लागली आहे, त्याच्या नजरेतून अशी गोष्ट सहसा सुटत नाही. आणि नेमके असे कनिष्ठ तयार होण्याचे काम आता थांबू लागले आहे.

हे केवळ माझ्या कार्यालयाच्या खिडकीतून दिसणारे चित्र नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतील पगारनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वाधिक शिरकाव झालेल्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातील कर्मचाऱ्यांच्या रोजगारात २०२२ च्या अखेरीपासून तुलनेने १३ टक्के घट झाल्याचे त्यांना आढळले. त्याच व्यवसायांतील अनुभवी माणसांचा रोजगार मात्र टिकून राहिला किंवा वाढला. या निष्कर्षाबद्दल अर्थतज्ज्ञांत एकमत नाही आणि अमेरिकेचे आकडे नागपूरला जसेच्या तसे लावणेही योग्य नव्हे. तरी जुन्यांना धक्का न लागता नव्यांची वाट बंद होते, ही त्यातील रीत आमच्या अनुभवाशी मिळतीजुळती आहे.

जमशेटजी टाटांनी १८७७ साली येथे सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली, तेव्हा ते साऱ्या शहराला समजले, कारण मिलचा भोंगा थांबला की तो थांबल्याचे सर्वांनाच कळते. पदवी घेतलेला एखादा तरुण धंतोली, रामदासपेठ आणि सीताबर्डीतील कार्यालयांत अर्ज देऊन घरी परतला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. बँकांत संगणक येऊ घातले तेव्हा १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला होता, म्हणजे निदान समोरासमोर बसून बोलणारे दोन पक्ष तरी होते. जो अजून कर्मचारीच झालेला नाही, त्याच्या वतीने कोण बोलणार?

कायद्याचेही तसेच आहे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधीची तरतूद आहे: कपात झालेल्या कामगाराच्या शेवटच्या पगाराच्या पंधरा दिवसांइतकी रक्कम मालकाने त्या निधीत भरायची आणि ती कपातीनंतर पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची. रक्कम तुटपुंजी आहे, हे सोडून दिले तरी ती कपात झालेल्यालाच मिळते. मुळात घेतलेच नाही, त्याला या संहितेत जागा नाही.

त्याऐवजी शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याकडे पाहावे, असे मला वाटते. तीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. नागपुरातील बहुतेक करसल्लागार, वकील आणि हिशेबनीस या दुसऱ्या गटातले किंवा त्याहूनही लहान. त्यांच्यापैकी तीन-चार जणांनी मिळून एक उमेदवार घ्यावा आणि त्याच्या विद्यावेतनाचा भार राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून उचलला जावा, अशी सोय करण्यात मला तरी फारशी अडचण दिसत नाही. त्या योजनेत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये ठरले आहेतच. अट एकच असावी: पहिले काही महिने उमेदवाराने नोंदी, ताळमेळ आणि मसुदे स्वतः करावेत आणि यंत्राचे उत्तर नंतर उघडून आपल्या उत्तराशी ताडून पाहावे. यात कार्यालयाचा वेळ जाईल, हे उघड आहे. म्हणूनच त्याचा खर्च एकट्या कार्यालयावर टाकता येणार नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडूनही एक अपेक्षा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक मिळतात, पण त्यासाठी कुठल्या तरी कार्यालयाचा शिक्का आणलेला प्रमाणपत्राचा कागद पुरेसा मानला जाऊ नये. वाणिज्य शाखेच्या परीक्षेत विद्यार्थ्याला यंत्राने तयार केलेली खातेवही आणि मूळ बिले द्यावीत, तिच्यात मोटारीच्या त्या बिलासारख्या चुका मुद्दाम पेराव्यात आणि त्या शोधून कारणासह लिहायला सांगावे. पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा अशा प्रश्नपत्रिकेचा आम्हा मालकमंडळींना अधिक उपयोग होईल. पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी राज्याने आयआयएम नागपूरच्या सहकार्याने मार्व्हल ही संस्था याच शहरात उभी केली आहे. गुन्ह्यांच्या तपासासाठी जे जमते, ते वाणिज्य पदवीधरांच्या प्रशिक्षणासाठी जमू नये, याला कारण नाही.

नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आणि विद्यापीठ यांनी पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून शिकाऊ उमेदवार घेण्यास तयार असलेल्या छोट्या कार्यालयांची यादी तयार करावी, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करतो. त्या यादीत आमच्या कार्यालयाचे नाव घालण्यास माझी संमती आहे.

आपला नम्र,
एक करसल्लागार, धंतोली, नागपूर