कासरा ढिला सोडण्याची वेळ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, घोडी लाथ मारील ही तुझी भीती गेल्या फोननंतर माझ्या मनात घोळत राहिली, म्हणून सविस्तर लिहीत आहे. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, परंतु शेपटीच्या थेट मागचे आणि कपाळाच्या अगदी पुढचे दिसत नाही, आणि तो लाथ झाडतो ती बहुधा भीतीने. म्हणून माझ्याकडे घोडे हाताळायला शिकणारी येथील मुले पहिला आठवडाभर केवळ आवाज देत, खांद्याच्या बाजूने जवळ जायला शिकतात. तोवर खोगिराला कोणी हात लावत नाही.

बाबा, धाक न दाखवता, घोड्याच्या स्वभावाच्या कलाने शिकवण्याच्या या पद्धतीला ‘नॅचरल हॉर्समनशिप’ म्हणतात आणि अमेरिकेतील टॉम डॉरन्स व रे हंट यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. मला मात्र ती शिकताना आपले गवळाऊ गोऱ्हेच आठवत होते. रेंगीला जुंपण्यापूर्वी तुम्ही त्यांना पराणी न टोचता शेताच्या धुऱ्याने चालवीत होतात आणि गोऱ्ह्याने मान वळवताच, त्याच क्षणी, कासरा ढिला सोडीत होतात. जनावर ओढीमुळे शिकत नाही, ओढ थांबल्यामुळे शिकते, हे मी मुलांना रोज सांगते; पण त्यांच्या हाताला ते कळायला फार वेळ लागतो.

वरातीत बँडपुढे नाचवलेली एक घोडी आमच्याकडे आहे. कानाजवळ हात गेला की ती मान झटकते. परवा पावसाने उघडीप दिल्यावर, बांबूच्या 60 फुटी गोल कुंपणात, 17 वर्षांचा एक मुलगा तिला मागे सरायला शिकवीत होता. तिने एक पाऊल मागे घेतले आणि त्याने आनंदाच्या भरात दोर आणखी दाबून धरला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. सुदैवाने कोणाला लागले नाही. मी त्याला डोळे मिटायला सांगितले, दोराचे एक टोक त्याच्या हाती दिले आणि दुसऱ्या टोकाने त्यालाच चालवले. तो बरोबर वळला तरी मी मुद्दाम दोर सोडला नाही. चार वेळा असे झाल्यावर तो रडवेला होऊन म्हणाला, “ताई, मी नेमकं काय करू?” घोडीनेही हेच विचारले होते. ‘अडेलतट्टू’ हा शब्द मी येथे कोणाला उच्चारू देत नाही, तो यासाठीच. संध्याकाळी त्याच मुलाने वेळेवर दोर सोडला आणि घोडीने मान खाली घालून, जबडा हलवीत, दीर्घ श्वास सोडला.

पोळा आटोपला की तुम्ही दोघांनी चार दिवस इकडे यावे. बाबा, गोठ्यातल्या खुंटीवरचा अंबाडीचा जुना कासरा आठवणीने सोबत आणा. आमचे नायलॉनचे दोर इतके हलके आहेत की ढिले सोडले तरी घोडीला ते लवकर जाणवत नाही, आणि तसा दोर वळायला मुलांना तुमच्याखेरीज कोण शिकवणार?

तुमची लेक