बाबांचा उजवा हात, माझा डावा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई रडते, बाबा ‘हं’ म्हणतात आणि मी मुद्द्याचं सोडून ‘जेवलात का’ विचारत बसते. म्हणून गाडीतच वही काढली. कर्जत गेलं. वडा घेतला नाही आई, तुझी पोळीभाजी आहे डब्यात, खाते.

आधी कबुली. मेंदूच्या झटक्याने लुळ्या पडलेल्या बाबांच्या उजव्या हातासाठी घेतलेली, सोमवारची मूळ पेशींच्या (स्टेम सेलच्या) इंजेक्शनची अपॉइंटमेंट मी रद्द केली आहे. काल दुपारी तुमचा दोघांचा डोळा लागला तेव्हा गॅलरीत जाऊन फोन केला. आगाऊ भरलेले वीस हजार परत मिळणार नाहीत, तसं त्यांनी साफ सांगितलं. ते वीस हजार मी भरून देणार, त्यावर चर्चा नको. एफडी मोडायला बँकेत जायचं नाही. पावती ट्रंकेत होती तिथेच, पैठणीखाली ठेवली आहे. मामाचा फोन आला तर ‘ठमीला विचार’ एवढंच म्हणा. त्याचा राग मी झेलीन, सवय आहे.

बाबा, तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच. बदलापूरच्या जागेच्या वेळी तुम्ही न विचारता सही केलीत म्हणून मी चार दिवस बोलले नव्हते. आता तुम्ही चार दिवस बोलू नका. पाचव्या दिवशी मात्र बोला, कारण बोलण्याचाही सराव हवाच आहे.

का रद्द केली ते सांगते. तो इंजेक्शनवाला म्हणाला, कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी शिरेतून सोडायच्या, त्या मेंदूत जाऊन मेलेला भाग नवा करतात. ऐकायला किती सोपं. पण शिरेतून सोडलेल्या अशा पेशींपैकी बऱ्याचशा आधी फुप्फुसातच अडकतात. बरं, आपल्याकडे हे कुणी करून पाहिलं नाही असंही नाही. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी पाच ठिकाणच्या १२० पेशंटांवर रीतसर केलं. निम्म्यांना पेशी दिल्या, निम्म्यांना नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे सारखेच निघाले. हे २०१४ साली छापून आलं. अपाय झाला नाही, पण उपायही नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, २०१७ च्या नियमांत तर रक्ताचे काही आजार सोडले तर मूळ पेशी हा उपचार म्हणून विकायचाच नाही, संशोधन म्हणून रीतसर परवानगीने द्यायच्या, असं स्पष्ट लिहिलंय. संशोधन असेल तर पेशंटकडून दोन लाख ऐंशी हजार कशाला मागायचे? मी हे त्याला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही निगेटिव्ह विचार करता.

मामाचा हेतू चांगला आहे, मला मान्य. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तो उठून चालणारा माणूस मीही पाहिला. पण आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तुमचा हात खांद्यापासून लोंबत होता आणि आज तुम्ही मनगट वर उचलता, बोटं थोडी उघडता. इंजेक्शन घेतलं असतं तर हे सगळं श्रेय त्या सुईला गेलं असतं! असे व्हिडिओ असेच तयार होतात.

मग तुमची गाडी माझ्या यंत्रावर येणार, मला माहीत आहे. ‘तू रोबोचे हात करतेस आणि बापासाठी एक आणता येत नाही?’ तुम्ही बोलला नाहीत, पण मी त्या रोबो-ग्लोव्हचा फोटो दाखवला तेव्हा तुमच्या डोळ्यांत ते होतं. बाबा, असलं तर आणलंच असतं हो. ब्रिटनमध्ये ७७० जणांवर मोठी चाचणी झाली, २०१९ साली निकाल आला. रोबोला हात बांधून आठवड्यातून तीनदा व्यायाम, बारा आठवडे. नेहमीच्या उपचारापेक्षा हाताचं काम काही जास्त सुधारलं नाही. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी चहाला पण उठलं नाही. यंत्र हजार वेळा हात हलवून देतं हे खरं, पण हलवलेला हात आणि आपण हलवलेला हात यात फरक आहे. तिकडे अमेरिकेत २०२१ साली एका नव्या यंत्राला मान्यता मिळाली, छातीत बसवतात, मानेतल्या मज्जातंतूला हलका करंट देतं. त्याचा उपयोग झाला, पण तेसुद्धा व्यायाम चालू असतानाच बटण दाबायचं असतं. नुसतं बसवून सोफ्यावर बसलात तर काही नाही. कुठूनही फिरून गाडी त्याच स्टॉपवर येते.

तो स्टॉप सांगायला जरा माकडांची गोष्ट सांगावी लागेल. आई कंटाळू नकोस, शेवटी तुझ्याच स्वयंपाकघरात येणार आहे.

एडवर्ड टाउब नावाच्या शास्त्रज्ञाने माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या. हात हलवता येत होता, तरी माकड तो वापरेना. सुरुवातीला धडपडलं, जमेना, मग सोडूनच दिलं. पुढे हात काम करण्याजोगा झाला तरी सवय गेली ती गेली. मग त्याने काय केलं, चांगला हात बांधून ठेवला. काही दिवसांत माकड तोच ‘निकामी’ हात वापरायला लागलं! (त्याच्या प्रयोगशाळेवर १९८१ मध्ये माकडांच्या हालांवरून धाड पडली, कोर्टकचेऱ्या झाल्या. ते वाचून मला वाईट वाटलं. तुम्हालाही वाटेल, म्हणून कंसात लिहिलं.) तेच पुढे माणसांवर केलं. २०० च्या वर पेशंट, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले, म्हणजे अगदी तुमच्यासारखे. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा, जागेपणीचा बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि अधू हाताकडून रोज तासन्‌तास कामं करून घ्यायची. त्यांचा हात सुधारला, आणि वर्षभराने पाहिलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडायला हवीत. तुमची उघडतात. मी काल तीनदा मोजून पाहिलं, तुम्हाला वाटलं मी हात चेपतेय.

दुसरा शास्त्रज्ञ रँडॉल्फ नूडो. त्याने १९९६ मध्ये माकडांवरच दाखवलं की मेंदूत हाताच्या जागी इजा झाली आणि मग हाताला काम दिलं नाही, तर शेजारची शाबूत जागाही हाताच्या हातून जाते. आपल्या चाळीतल्या खोलीसारखं आहे हे. कुलूप लावून गावाला गेलात की शेजारी सामान सरकवणारच. पण ज्या माकडांना छोट्या खळग्यांतून खाऊ बोटांनी काढायला लावलं, त्यांची जागा राहिली, काहींची तर वाढली.

छोट्या खळग्यांतून बोटांनी काढायचं. हे वाचलं आणि मला वडाळा डेपो आठवला. तुमची ती चामड्याची बॅग, आणि चालत्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने न बघता चिल्लर वेगळी करणं. चार आणे कुठले, आठ आणे कुठले, बोटांना कळायचं. मी शाळेतून पहिल्यांदा तुमच्या बसमध्ये बसले तेव्हा मागच्या बाईला म्हणाले होते, हे माझे बाबा आहेत. तुम्ही माझंही तिकीट फाडलंत.

म्हणून देव्हाऱ्याखालच्या डब्यातली सगळी चिल्लर काढून मी तीन वाट्यांत घालून ठेवली आहे. एक, दोन आणि पाच. रोज उजव्या हाताने एका वाटीतून दुसरीत. अमेरिका-कॅनडात कुणीतरी मोजलं, तर थेरपीच्या एका बैठकीत हाताची उपयोगी हालचाल सरासरी फक्त ३२ वेळा होते. माकडांकडून शेकडो वेळा करून घेतात. तेव्हा ३२ वर थांबायचं नाही. दमलात तर थांबा, पण वैतागून थांबू नका.

आता आई, तुझ्याशी. हे लिहायला लोणावळ्यापर्यंत थांबले होते.

तू वरणभात कालवून बाबांना भरवतेस ना, ते बंद कर.

रागावू नकोस. तुझ्याइतकं कुणी केलं नसतं, मी तर नाहीच. पाच महिने तू पाठ टेकली नाहीस, मार्गशीर्षातला गुरुवारही बसून केलास. पण तू शर्टाची बटणं लावतेस, पाण्याचा पेला ओठाला लावतेस, पांघरूण ओढतेस, आणि बाबांचा हात घरात बसून पगार घेतो. माकडाने सोडून दिलं तसं त्यानेही सोडून द्यायला नको. भात सांडू दे. चादर मी दोन जास्तीच्या आणल्यात, गडद रंगाच्या, डाग दिसणार नाहीत. जाड दांड्याचा चमचा आणि कड असलेलं ताट पिशवीत आहे. पहिले चार घास उजव्या हाताने, मग दमले तर बाकीचे डाव्या हाताने. तू समोर बस, पण हात मांडीवर ठेव. तुला ते भरवण्यापेक्षा अवघड जाणार आहे, ठाऊक आहे मला.

आणि ‘परक्या माणसाची काय गरज, मला शिकव, मी करून घेईन’ म्हणालीस, त्याचं उत्तर काल दिलं नाही. आपल्याच देशात १४ हॉस्पिटलांत, १२५० पेशंटांवर नेमकं हेच करून पाहिलं, घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. २०१७ साली आलेला निकाल असा की त्याने वेगळा फायदा झाला नाही. यात घरच्यांचा कमीपणा नाही गं. बायको व्यायाम घेते तेव्हा ‘पुरे आता’ आधी तिच्याच तोंडून निघतं. परका माणूस ‘अजून दहा’ म्हणू शकतो. म्हणून हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत नाव घातलं आहे, सरकारी आहे, खर्चाची धास्ती नको. घरी येणाऱ्या फिजिओ बाईंशीही बोलले आहे, त्या परवा येतील. खाली उतरायला खुर्ची आणि मंडळाची पोरं. बाबा, लाजू नका. विसर्जनाला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नाचलात तेव्हा लाजला नव्हता. टॅक्सी वाडीच्या तोंडाशी येईल, सांगून ठेवलंय.

पक्कं ध्यानात ठेवा. उजवा हात धरून बाबांना उठवायचं नाही, खांदा निखळतो. काखेत किंवा कमरेला धरा. डाव्या हातावर हातमोजा कधी आणि किती वेळ चढवायचा ते फिजिओ बाई ठरवतील. जिन्यावर, मोरीत आणि गरम चहा हातात असताना तो नाहीच. बीपीच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत, दिवाळीत केल्या तसं अजिबात नाही. लोणचं वाटीतून घ्यायचं, बरणीतून नाही, हे बाबांना. आणि झोप? आईनेही झोपायचं, दुपारी, दार लावून. शेजारच्या काकू बसतील, मी त्यांना विचारलंय.

हातमोजा मी आणला आहे. भांडं उचलायचा असतो तसला जाड, निळा. ओट्याच्या हुकाला अडकवला आहे. अडकवताना हात थांबला माझा.

बाबा, तुम्हाला आठवतं? आजीने माझा डावा हात तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने पाटीच्या चौकटीला बांधला होता. पोरीच्या जातीला डावखुरेपण नको म्हणून. तुम्ही रात्रपाळी करून आलात, बूटही काढले नाहीत, पट्टी सोडलीत आणि आजीला म्हणालात, ‘तिचा हात आहे, तिला ठरवू दे.’ तुम्ही आजीसमोर आवाज चढवलेला मी तो एकदाच ऐकला. मी आजही त्याच हाताने लिहितेय, गाडी हलते म्हणून अक्षर असं आलंय.

आणि आता मी तुमचाच डावा बांधायला निघाले. तुम्ही ‘नको’ म्हणालात तर नको. इंजेक्शनचं मी ठरवलं, पण हे तुम्ही ठरवा. फक्त आधी चिल्लर घ्या हातात. पहिल्या दिवशी किती नाणी झाली ते आईला पंचांगाच्या पानावर मांडायला सांगा आणि मला फोनवर आकडा सांगा. तुम्ही सांगा, आईने नाही.

शनिवारी सकाळी येते. पोहे नको करूस आई, मीच करीन. मिरच्या बाबांच्या वाट्याच्या वेगळ्या काढीन.

शिवाजीनगर आलं, आवरते.

तुमची
डावखुरी ठमी