निवासी मदरशांतील अभ्यासक्रमाबाबत अल्पसंख्याक विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, अल्पसंख्याक विकास विभाग, महाराष्ट्र शासन

माननीय महोदय,

डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतील डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचे ८,००० वरून १८,००० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला, याबद्दल शासनाचे मनापासून अभिनंदन. मात्र गणिताचा शिक्षक मदरशात पोहोचला, एवढ्याने धार्मिक आणि शालेय अशा दोन अभ्यासक्रमांचा मेळ बसत नाही. माझी विनंती त्यापुढच्या कामाविषयी आहे.

निवासी मदरशात हिफ्ज (कुराण पाठ) करणाऱ्या मुलाचा दिवस पहाटेच्या फजरच्या नमाजाआधी सुरू होतो. नवा सबक (धडा), अलीकडच्या धड्यांची सबकी (फेरउजळणी) आणि जुन्या पाठांतराची उजळणी यांत त्याची एकाग्रता खर्ची पडलेली असते. अशा थकलेल्या मुलाला दिवसअखेरीस विज्ञान शिकवायचे आणि प्रगती दिसत नाही म्हणून मदरशालाच दोष द्यायचा, हे मला अन्यायाचे वाटते. वेळापत्रक उस्तादांसोबत (धर्मशिक्षकांसोबत) बसूनच आखले पाहिजे.

आशयाचेही तसेच आहे. मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८व्या शतकात लखनौच्या फिरंगी महालात आकाराला आलेल्या दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र, गणित आणि खगोलशास्त्र होतेच. आजही इस्लामी वारसाहक्काचे नियम शिकताना, मृताच्या पश्चात पत्नी, एक मुलगी आणि आईवडील मागे असतील तर पत्नीला आठवा, मुलीला अर्धा आणि आईवडिलांना प्रत्येकी सहावा हिस्सा देऊन उरलेला भाग वडिलांकडे जातो. हे वाटप करण्यासाठी छेदांचा लसावि २४ काढावा लागतो आणि हिस्से अनुक्रमे ३, १२, ४ व ५ असे येतात. जकातीच्या (धार्मिक दानाच्या) अडीच टक्क्यांत शेकडेवारी आहे, तर नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची (नमाजासाठी काबाकडची) दिशा ठरवण्यात भूमिती व खगोलशास्त्र आहे. फिकहचे (इस्लामी धर्मकायद्याचे) उस्ताद आणि गणिताचे शिक्षक यांनी मिळून असे पाठ तयार करावेत, त्यांचे प्रशिक्षण एकत्र व्हावे आणि हे साहित्य मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत उपलब्ध व्हावे.

प्रमाणपत्राचा प्रश्न तर अधिक निकडीचा आहे, कारण दहावीचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हाती नसेल तर हाफिज (कुराण मुखोद्गत) झालेल्या हुशार मुलालाही आयटीआयचे बहुतेक अभ्यासक्रम बंद राहतात. नियमित शाळेत न जाता परीक्षा देण्यासाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग उपलब्ध आहे. परंतु मदरशांचे वर्ष साधारणपणे शव्वाल या हिजरी महिन्यात सुरू होऊन शाबानमध्ये संपते आणि हिजरी वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकत असल्यामुळे काही वर्षी मदरशाची आणि मुक्त विद्यालयाची परीक्षा एकाच सुमारास येतात. म्हणून नोंदणी, परीक्षा केंद्र आणि तारखा यांचे नियोजन मदरशांशी आधी बोलून करावे.

मजहबी तालीम (धार्मिक शिक्षण) कोणत्या क्रमाने आणि कशी द्यायची, हा निर्णय मात्र मदरशांचाच राहावा. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार दिला आहे, आणि आधुनिक विषयांच्या निमित्ताने त्यावर गदा येणार नाही अशी लेखी हमी आपण दिल्यास आज साशंक असलेले अनेक व्यवस्थापकही योजनेत येतील, असा माझा विश्वास आहे. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी उस्ताद, विषयशिक्षक आणि मुक्त विद्यालय मंडळाचे अधिकारी यांची संयुक्त बैठक आपण बोलवावी, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक शिक्षक