फुलांच्या पाककृती छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून फुले वापरून केलेल्या पदार्थांच्या कृती वरचेवर वाचायला मिळतात. मला त्याचा आनंदच आहे. परंतु यातील बऱ्याच कृतींत ‘वरून खाण्यायोग्य फुले घालावीत’ एवढेच म्हटलेले असते. फूल कोणते, त्याचा कोणता भाग घ्यायचा आणि ते कोठून आणायचे, याविषयी एक शब्दही नसतो. भाजीच्या बाबतीत इतकी मोघम सूचना कोणी छापणार नाही, आणि फुलांच्या बाबतीत तर ती धोक्याची ठरू शकते.

प्रचलित नावावर विसंबणे पुरेसे नाही. मोगऱ्याने चहाला सुगंध देतात, पण ‘जॅस्मिन’ याच नावाने ओळखली जाणारी, पिवळ्या फुलांची जेल्सेमियम ही वेल विषारी आहे. वाटाण्याचे फूल खाता येते. त्याच्यासारखेच दिसणारे शोभेचे ‘स्वीट पी’ खाऊ नये. केशराच्या फुलाशी साम्य असलेल्या कोल्चिकममध्ये कोल्चिसिन हे घातक द्रव्य असते. कण्हेर, धोत्रा आणि कळलावी यांची फुले तर ताटाच्या कडेला नुसती शोभेसाठीही ठेवू नयेत. म्हणून कृतीत फुलाचे शास्त्रीय नाव द्यावे आणि हारतुऱ्यांसाठी विकली जाणारी फुले वापरू नयेत, असे स्पष्ट लिहावे. त्या फुलांवर फवारलेली कीटकनाशके खाद्यपिकांसाठीची असतीलच असे नाही, आणि त्यांतील काही झाडाच्या आत शोषली जात असल्याने धुऊनही जात नाहीत.

फूल ओळखीचे आणि बिनफवारणीचे असले, की खरा स्वयंपाक सुरू होतो. भोपळ्याच्या फुलाचेच पाहा. ज्याच्या देठाशी इवलेसे फळ दिसते ते मादी फूल; ते वेलीवरच राहू द्यावे. लांब, सडपातळ देठाची नर फुले सकाळी, उमललेली असतानाच खुडावीत, कारण दुपारपर्यंत ती मिटतात आणि आत शिरलेला किडा किंवा मधमाशी तिथेच अडकते. परागकणांचा दांडा हलक्या हाताने काढावा, फूल गार पाण्यात बुडवून लगेच कापडावर निथळू द्यावे. नळाच्या धारेखाली ते फाटते. मग सारण भरून, पातळ पिठात बुडवून तळले तरी चालते किंवा चिरून भाजीत घातले तरी चालते. मात्र ते क्षणात शिजते, त्यामुळे शेवटीच घालावे.

गुलाबाच्या पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट असतो, तो कातरून टाकावा. गुलाबाचा सुगंध उकळताना उडून जातो, म्हणून पाकळ्या साखरेत मुरवाव्यात किंवा कोमट पाकात झाकून ठेवाव्यात. नॅस्टर्शियमचा मोहरीसारखा तिखटपणाही आचेवर टिकत नाही, ते कच्चेच खावे. केळफुलाच्या प्रत्येक फुलातील ताठ दांडी आणि पारदर्शक पापुद्रा काढण्याचे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळले तर भाजी चिवट होते. चिरलेले फूल काळे पडू नये म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात ठेवावे. गोकर्णाचे निळे पाणी लिंबाच्या थेंबाने जांभळे होते, ते त्यातील अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. मुलांना स्वयंपाकघरात बोलावून दाखवावे, इतके ते सुंदर दिसते!

आणखी एक सूचना कृतीबरोबर अवश्य छापावी. दमा किंवा परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनी फुले खाणे टाळावे, विशेषतः झेंडू व शेवंतीच्या कुळातील. आणि इतरांनीही एखादे फूल पहिल्यांदा खाताना एक-दोन पाकळ्यांपासूनच सुरुवात करावी.

आपली,
एक नियमित वाचक