वर्ट चिलरचा गळका जोड आणि २० अंशांचे आश्वासन

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी आपल्या प्रतिनिधीने माझे बोलणे संपण्यापूर्वीच फोन ठेवला, म्हणून हे लेखी कळवीत आहे.

मी घरी बिअर बनवतो आणि त्यासाठी उकळलेला माल्टचा गोड रस, म्हणजे वर्ट, लवकर थंड करायला आपला चिलर घेतला. ही वर्टमध्ये बुडवायची नळीची गुंडाळी (कॉइल) असते आणि तिच्यातून नळाचे पाणी वाहते. तिच्या खोक्यावर '२० लिटर वर्ट २० मिनिटांत २० अंशांवर, कोणत्याही नळावर' असे ठळक छापले आहे. रत्नागिरीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी सकाळीसुद्धा ३० अंशांच्या खाली नसते, आणि कॉइलमधून जे पाणी वाहते त्याच्यापेक्षा वर्ट थंड होऊ शकत नाही, हे चिलर बनवणाऱ्यांना ग्राहकाने सांगण्याची वेळ यायला नको होती. एल प्रकारच्या बिअरसाठी यीस्ट (आंबवणारे किण्व) घालण्यासाठी वर्ट साधारण १८ ते २२ अंशांवर यावे लागते. माझे ३४ अंशांवर अडले ते अडलेच. शेवटी मिरकरवाडा बंदरावरून मासळीसाठीच्या बर्फाची लादी आणली, ती फोडून बादलीत टाकली आणि छोट्या पंपाने ते गार पाणी कॉइलमधून फिरवले, तेव्हा कुठे काम झाले. उष्ण प्रदेशात असा पंप किंवा बर्फात ठेवायची दुसरी कॉइल लागते, ही एक ओळ आपण छापायला हवी होती.

गळतीचा प्रकार याहून गंभीर आहे. कॉइलच्या वरच्या टोकाचा सोल्डरचा जोड ठिबकतो आणि तो नेमका पातेल्याच्या तोंडावर येतो, त्यामुळे तासभर उकळलेल्या वर्टमध्ये टाकीचे कच्चे पाणी थेंबाथेंबाने पडत राहिले. ती बॅच आंबट झाली आणि मोरीत ओतावी लागली.

हे सांगितल्यावर आपले प्रतिनिधी म्हणाले, "सर, तुम्ही समुद्राजवळ राहता, तिथे पाणी थंडच असणार." मी थर्मामीटरवरचा आकडा सांगितला, तर थर्मामीटर बिघडला असेल असे उत्तर आले. गळतीबद्दल ते म्हणाले की पाइपला घाम येतो. चिलर पातेल्याबाहेर, कोरड्या टेबलावर ठेवून नळाला जोडला तरी त्याच जोडाखाली पाणी साचते, याचा व्हिडिओ मी आपल्याला आधीच पाठवला आहे. तो त्यांनी उघडलाही नव्हता. मग मी विचारले की या सोल्डरमध्ये शिसे आहे का. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "बिअरच बनवायची आहे ना सर, एवढं काय त्यात?" जी वस्तू उकळत्या वर्टमध्ये बुडवायची आणि ज्या वर्टचे पेय माणसे पिणार, तिच्या जोडात शिसे आहे की नाही हा प्रश्न आपल्या कंपनीत हसण्यावारी नेला जातो, याचा मला अतिशय संताप आला आहे. आपले नाव ऐकून मी ही वस्तू विश्वासाने घेतली होती, मित्रांनाही सुचवली होती. आता त्यांना ती घेऊ नका असे सांगितले आहे.

चिलर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, सोल्डरमध्ये शिसे आहे की नाही हे लेखी कळवावे आणि खोक्यावरचे 'कोणत्याही नळावर' हे शब्द काढावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. गळतीचा व्हिडिओ, बिल आणि खोक्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपला ग्राहक,
रत्नागिरी